सापाचं पान कुठे मांडावं?

पाळलेल्या सापाला त्याच्या राहत्या पेटीतच खायला द्यावं, की दर वेळी उचलून वेगळ्या डब्यात ठेवून खाऊ घालावं, हा प्रश्न महाराष्ट्रातल्या वाचकाला परका वाटेल. आपल्याकडे देशी साप घरात ठेवणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. पण मी इंग्लंडमध्ये राहते. इथे कॉर्न स्नेक नावाचा बिनविषारी अमेरिकन साप दुकानातून रीतसर विकत घेता येतो, त्यासाठी परवाना लागत नाही, आणि शाळकरी मुलांच्या खोल्यांमधून तो बराच दिसतो. आमच्या घरी तो मुलाने आणला. मुलगा पुढे विद्यापीठात गेला, वसतिगृहात प्राण्यांना परवानगी नव्हती, आणि साप माझ्याकडे राहिला. नीट सांभाळला तर हा साप पंधरा-वीस वर्षं जगतो. म्हणजे बारा-तेरा वर्षांच्या मुलाने साप मागितला, तर त्या मुलाचं शिक्षण आणि नोकरीची पहिली वर्षं संपेपर्यंत घरातल्या कुणाला तरी त्याचं करावं लागणार.

मुलाने त्याचं नाव केशर ठेवलंय. केशरी अंगावर तांबडे ठिपके, पोटाखाली काळ्या-पांढऱ्या चौकटी, लांबी साधारण सव्वा मीटर. याचे रानातले भाऊबंद फ्लोरिडा आणि आसपासच्या राज्यांत राहतात. मक्याच्या कोठारांभोवती उंदरांच्या मागावर फिरणारा हा प्राणी. आपल्याकडे धामण शेतकऱ्याचं जे काम करते तेच तो तिथे करतो. स्वभावाने शांत. विळखा घालून भक्ष्य मारतो, डोक्याकडून सावकाश गिळतो आणि मग दहा-बारा दिवस काही मागत नाही.

प्रश्न उभा राहतो तो या गिळण्याच्या वेळी. साप पाळणाऱ्यांत वर्षानुवर्षं एक समजूत चालत आली आहे. सापाला त्याच्या पेटीत खायला दिलं, तर पेटीचं दार सरकलं की उंदीर येतो असं त्याला वाटू लागतं. मग पाणी बदलायला हात आत घातला तरी तो हातावर झडप घालतो. म्हणून त्याला बाहेर काढा, रिकाम्या प्लॅस्टिकच्या खोक्यात ठेवा, तिथे उंदीर द्या, गिळून झाला की परत पेटीत सोडा. दुकानांतून हा सल्ला सर्रास मिळायचा, अजूनही कुठेकुठे मिळतो. ऐकताना तो पटतोही. जेवणाची जागा वेगळी आणि राहण्याची वेगळी, हे माणसाला सोयीचं आणि नीटनेटकं वाटतं.

केशरला पेटीतच खायला द्यायचं हे मुलाने सुरुवातीलाच ठरवलं होतं, आणि जाताना त्याने मला तेच बजावलं. पण पेटीत हात आता माझा जाणार होता, म्हणून मी त्या समजुतीचा माझ्यापुरता नीट विचार केला. मी सांगलीची. सापाची भीती आणि सापाची पूजा या दोन्ही गोष्टी मी एकाच अंगणात शिकले. लहानपणी घरात निलीमकुमार खैरे यांचं नाव ऐकलं होतं. १९८० साली ते ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास काचेच्या खोलीत राहिले, आणि पुढे कात्रजचं सर्पोद्यान त्यांच्या प्रयत्नांतून उभं राहिलं. डिवचल्याशिवाय साप चावत नाही, हे त्यांनी स्वतःचा जीव पणाला लावून लोकांना दाखवलं. तरीही ऐकून माहीत असणं वेगळं, आणि सरकत्या काचेतून स्वतःचा हात आत घालणं वेगळं.

दार उघडलं की अन्न येतं असं साप शिकेल, हे मान्य करू. पण दार किती कारणांनी उघडतं? पाणी बदलायला, विष्ठा उचलायला, कात टाकून झाल्यावर ती काढायला, तापमान बघायला, कधी नुसतं त्याला बाहेर घ्यायला. अन्नासाठी ते पंधरवड्यातून एकदा उघडतं. दार आणि उंदीर यांची सांगड बसण्याइतका दाराचा उंदराशी संबंधच येत नाही. साप जग ओळखतो ते मुख्यतः वासाने. जीभ बाहेर काढून तो हवेतले कण गोळा करतो आणि टाळूतल्या एका खास इंद्रियाकडून त्यांची पारख करून घेतो. उंदराचा वास आला की तो सावध होतो, मान इंग्रजी एससारखी आखडून घेतो, डोळे न हलवता थांबतो. नुसत्या हाताला उंदराचा वास नसेल, तर तो हळूच जीभ लावून बघतो आणि निघून जातो.

याच्या उलट खोक्याची पद्धत नेमकं काय करते ते पाहा. उंदराच्या वासाने साप पेटलेला असतो. गिळून झाल्यावरही काही वेळ तो त्याच भरात असतो, खोक्याला वास लागलेला असतो, आणि याच वेळी माणूस त्यात उबदार हात घालून त्याला उचलतो. चावण्याचा धोका टाळण्यासाठी काढलेली युक्ती हाताला सर्वांत वाईट क्षणी सापाजवळ नेऊन ठेवते. मँचेस्टरला आमच्या ओळखीचं एक मराठी कुटुंब आहे. त्यांच्याकडे बॉल पायथन होता, पश्चिम आफ्रिकेतल्या गवताळ प्रदेशातला ठेंगणा, जाडजूड अजगर. या जातीच्या ओठांवर उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात, त्यामुळे गरम हात अंधारातही त्याला जाणवतो. ते लोक त्याला नेहमी खोक्यात खाऊ घालत आणि लगेच परत ठेवत. एकदा त्याने घरातल्या मुलीच्या अंगठ्याला धरलं ते परत ठेवतानाच. जखम किरकोळ होती. पण त्या मुलीच्या मनात सापाबद्दल जी अढी बसली ती गेली नाही, आणि शेवटी त्यांनी तो साप दुसऱ्यांना दिला. त्यात सापाचा दोष मला दिसत नाही.

आणि चावणं हा त्यातला लहान धोका आहे. मोठा धोका सापाला आहे. पोटात अख्खा उंदीर असलेला साप पळू शकत नाही, नीट लढू शकत नाही. म्हणून रानात तो जेवला की आडोसा गाठतो आणि ऊब मिळेल तिथे पडून राहतो. अशा वेळी कुणी त्याला उचललं, तर त्याच्या दृष्टीने ते संकटच. संकटात हलकं व्हायचा त्याच्याकडे एक उपाय असतो: खाल्लेलं बाहेर टाकणं. माणसाला ओकारी झाली की तासाभरात बरं वाटतं. सापाचं तसं नाही. अर्धवट पचलेल्या घासाबरोबर तीव्र आम्ल अन्ननलिकेतून वर येतं, आतला भाग भाजल्यासारखा होतो, शरीरातलं पाणी जातं. त्यानंतर जाणकार त्याला दोन आठवडे तरी उपाशी ठेवायला सांगतात, आणि पुढचा घास नेहमीपेक्षा लहान द्यायला लावतात. लहान पिल्लांत हे वारंवार झालं तर ती दगावतात.

पचनाचं हे काम सापाच्या शरीराला किती जड जातं, याचा मला अंदाज नव्हता. स्टीफन सेकर आणि जॅरेड डायमंड या शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात ब्रह्मदेशी अजगरावर केलेल्या संशोधनाबद्दल वाचलं तेव्हा तो आला. उपाशी असताना हा अजगर आपली आतडी जवळजवळ मिटवून ठेवतो. मोठं भक्ष्य पोटात गेलं की एक-दोन दिवसांत लहान आतड्याचं वजन दुपटीच्या घरात जातं, यकृत आणि मूत्रपिंडं वाढतात, शरीराला लागणारा प्राणवायू कित्येक पटींनी वाढतो. पचन संपलं की सगळं पुन्हा आक्रसतं. वारंवार खाणाऱ्या कॉर्न स्नेकमध्ये बदल इतके टोकाचे होत नाहीत, पण दिशा तीच. बाहेरून बघणाऱ्याला साप आडोशाखाली नुसता निजलेला दिसतो. आत त्याचं शरीर त्या वेळी सर्वाधिक राबत असतं. आणि हे काम बाहेरच्या उबेवर चालतं. कॉर्न स्नेकच्या पेटीची एक बाजू २८ ते ३० अंश सेल्सिअस असावी लागते. प्लॅस्टिकच्या खोक्याला तशी ऊब नसते. मग त्यात किती वेळ ठेवायचं? लवकर उचलला तर दगदग, उशिरा उचलला तर गारठा. पेटीत खाणाऱ्या सापापुढे हा पेच येतच नाही. तो जिथे गिळतो तिथून हातभर सरपटला की स्वतःच्या उबेत पोचतो.

आमच्याकडे आता हे असं चालतं. गोठवलेला उंदीर आदल्या रात्री बंद पिशवीत, बंद डब्यात शीतपेटीच्या खालच्या भागात ठेवायचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तीच पिशवी कोमट पाण्यात ठेवून तो पूर्ण सुटा आणि उबदार करायचा. मायक्रोवेव्हमध्ये कधीच नाही. तो कुठे शिजतो, कुठे बर्फच राहतो, आणि फुटतोही. मधोमध बोटाने दाबून आत गार लागत नाही ना हे बघायचं. मग कागदाने कोरडा करून लांब चिमट्याने धरायचा. सापाच्या अंगाचा जो सर्वांत जाड भाग, साधारण तेवढाच जाड उंदीर. केशर वास घेऊन आडोशातून निम्मा बाहेर येतो, एका झेपेत पकडतो, आणि मेलेल्या उंदरालाही दोन विळखे घालतो. मी काच सरकवते, कुलूप लावते, दिवा मालवते. पुढचे दोन पूर्ण दिवस पाण्याखेरीज कशालाही हात लावायचा नाही. इतर दिवशी त्याला बाहेर घ्यायचं असेल, तर हात घालण्याआधी कागदाच्या गुंडाळीने त्याच्या पाठीला हळूच स्पर्श करायचा. आज जेवण नाही, एवढं त्याला त्यातून कळतं. काही आठवड्यांतच तो स्पर्श झाला की त्याची मान सैल पडू लागली. ज्या भीतीपोटी लोक खोकं वापरतात, तिच्यावरचा उपाय इतका साधा आहे.

खोक्याच्या बाजूने एक मुद्दा मात्र खरा आहे. पेटीत लाकडाचा भुसा पसरलेला असतो, ओल्या उंदराला तो चिकटतो आणि पोटात जातो. चार-दोन काड्या गेल्या तर काही बिघडत नाही. रानातला साप माती आणि पाचोळा गिळतच असतो. पण मोठी ढलपी तोंडात टोचू शकते, भुसा फार गेला तर आतडं तुंबू शकतं. त्यावर साप हलवण्याची गरज नाही. उंदीर कोरडा करावा, चिमट्यानेच द्यावा, किंवा पेटीत एक सपाट फरशी ठेवून तिच्यावर मांडावा. आम्ही पाटीच्या दगडाचा तुकडा ठेवलाय.

खोक्याला माझा सरसकट विरोध नाही. नुकतीच अंड्यातून बाहेर आलेली काही पिल्लं मोठ्या जागेत बिथरतात आणि खातच नाहीत. त्यांना लहानशा, हवेला भोकं असलेल्या डबीत उंदराच्या बोटभर पिल्लाबरोबर रात्रभर उबेत आणि अंधारात ठेवलं, तर ती खायला लागतात. आजारी सापाला डॉक्टरांनी वेगळं ठेवायला सांगितलं असेल, तर तसंच करावं. आणि कुणी दोन साप एका पेटीत ठेवलेच असतील, तर खाताना त्यांना वेगळं करण्यावाचून गत्यंतर नाही. दोघांनी एकाच उंदराची दोन टोकं धरली, तर एक दुसऱ्याला गिळत जातो. पण तिथे खरी चूक आधीच झालेली असते. कॉर्न स्नेक एकटा राहणारा प्राणी आहे. सोबत ही आपली गरज, त्याची नव्हे.

जिवंत उंदीर सोडण्याबद्दलही सांगायला हवं. ते नैसर्गिक वाटतं म्हणून काहींना आवडतं. पण रानात उंदराला पळायला वाट असते. बंद पेटीत कोंडलेला उंदीर जिवावर उदार होतो, आणि भूक नसलेल्या सापाची पाठ कुरतडून ठेवतो. यात दोन्ही जीवांचे हाल होतात.

माणसाच्या सुरक्षिततेचा प्रश्न सापाच्या दातांत नाही, तो स्वयंपाकघरात आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यात सॅल्मोनेला जंतू असणं ही नित्याची गोष्ट आहे, प्राणी ठणठणीत असला तरी. गोठवल्याने हे जंतू मरत नाहीत. ब्रिटनमध्ये २०१५ पासून अनेक वर्षं चाललेल्या सॅल्मोनेलाच्या एका साथीचा माग सापांसाठी विकल्या जाणाऱ्या गोठवलेल्या उंदरांपर्यंत पोचला होता, आणि आजारी पडलेल्यांत लहान मुलं बरीच होती. खोक्यात खाऊ घालणारे ते खोकं बहुतेक वेळा धुतात कुठे? स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये, जिथे आपण तांदूळ धुतो. मला ही गोष्ट चावण्यापेक्षा फार गंभीर वाटते. आमच्याकडे उंदरांसाठी गॅरेजमध्ये वेगळी लहान शीतपेटी आहे, वेगळी वाटी, वेगळा चिमटा, आणि ती भांडी बाहेरच्या नळावर धुवून तिथेच राहतात. हात साबणाने, प्रत्येक वेळी. पाहुण्यांत पाच वर्षांखालचं मूल किंवा गर्भवती बाई असेल, तर त्या दिवशी केशर बाहेर येत नाही.

मराठी घरात याशिवाय एक अडचण मनाची असते. आमच्याकडे चतुर्थीला कांदा-लसूणही चालत नाही, आणि त्याच छपराखाली उंदीर गोठवलेले. सासूबाई पहिल्यांदा इथे आल्या तेव्हा मी मनातून धास्तावले होते. त्यांनी केशरला गिळताना काचेतून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, त्याचा आहार त्याला दिलाय देवाने. आपण मध्ये पडू नये." मग त्या नागपंचमीबद्दल बोलत राहिल्या. आमच्या लहानपणी गारुडी टोपली घेऊन दारात यायचा, आई वाटीत दूध ठेवायची, नाग ते प्यायचा आणि आम्ही हात जोडायचो. साप दूध पचवू शकत नाही. तो पितो, कारण त्याला आधी कित्येक दिवस तहानेलं ठेवलेलं असतं. कितीकांचे दात उपटलेले असतात. श्रद्धेने ठेवलेली ती वाटी त्याच्या पोटात जाऊन त्याला आजारी पाडत असे. आईच्या भक्तीत खोट नव्हती. पण काय वाढायचं, कधी वाढायचं आणि कुठे वाढायचं हे तिघं मिळून ठरवत होते: आई, गारुडी आणि आम्ही मुलं. ज्याला खायचं होतं त्याच्या गरजेची चौकशी कुणीच केली नव्हती. खोक्यातल्या जेवणाबद्दल विचार करताना मला तीच टोपली आठवते. प्रेम असतं, हेतू चांगला असतो, आणि जागा मात्र माणसाच्या सोयीची असते.

भारतातल्या वाचकांना सांगायचं ते थोडकंच. देशी साप, मग तो कितीही निरुपद्रवी असो, घरात ठेवू नका. बॉल पायथनसारख्या ज्या परदेशी जातींचा व्यापार आंतरराष्ट्रीय कराराने नियंत्रित आहे, त्यांची कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर सरकारकडे नोंद करावी लागते. दारात साप आला तर त्याला दूध किंवा अंडं दाखवत बसू नका. दूर उभे राहून वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

आणि परदेशातल्या ज्या मराठी घरांत एखादं मूल सध्या साप मागतंय, त्यांनी दुकानात जाण्याआधी घरात एकदा फिरून यावं. स्वयंपाकघरापासून दूर, थेट ऊन किंवा वाऱ्याचा झोत न येणारी, कुलूप लागणारी पेटी राहील अशी जागा आहे का? तिथे जेवलेल्या सापाला दोन दिवस कुणीही न उचलता, मित्रांना न दाखवता, फोटो न काढता पडू देता येईल का? मूल बारा वर्षांचं असेल, तर ते तिशीला टेकेपर्यंत ही जागा त्याच्यासाठी राखता येईल का? तिन्हींचं उत्तर हो असेल तर साप आणा, आणि त्याला त्याच पेटीत खायला द्या. एकाचंही उत्तर नाही असेल, तर मुलाला प्रेमाने नाही म्हणा.